बिलात न धरलेलं

काम मुळात कुणाचं, मला माहीत नाही.
कुठल्याशा थंड देशातल्या कंपनीनं ते बंगळुरूला दिलं,
बंगळुरूनं पुण्याला, पुण्यानं अंबडच्या धात्रकांना,
आणि धात्रक फोनवर म्हणाले,
"वैजयंती, थिओडोलाइट आहे ना अजून तुझ्याकडे?
सिन्नरच्या अंगाला एक जागा बघून ये."

इतक्या हातांतून उतरता उतरता
कामातलं आकाश सांडून गेलं होतं.
माझ्यापर्यंत पोचले चार खड्डे, सोळा बोल्ट
आणि भरायचा एक तक्ता.

तक्ता क्षितिजाचा.
तीनशे साठ रकाने, अंशाला एक.
डोंगर कुठे किती वर येतो, एवढंच लिहायचं.
ठाणगावच्या अलीकडे माळावर तिवई रोवून
दिवसभर गोल फिरले, जात्याच्या खुंट्यासारखी.
डुबेऱ्याचा डोंगर, एक अंश वीस.
पट्ट्याची धार, दोन अंश चाळीस.
पवनचक्क्यांची पाती दर चार सेकंदांनी
क्षितिज बदलत होती, त्यांना रकानाच नव्हता.
एकशे बाराव्या अंशावर बांधावर एक म्हातारा बसलेला.
उठेल म्हणून थांबले.
नाही उठला.

वर दोन फूट काळी.
काळी पावसात फुगते, उन्हात फाटते,
तिच्या भरवशावर आकाशाकडे कान लावता येत नाही.
मुरूम लागेपर्यंत खोदा, म्हटलं.
सोमा मेंगाळनं दोरी ताणून विचारलं,
"उत्तर कुठली धरायची बाई, कंपासची का ध्रुवाची?"
नाशकात दोन्हींत फरक नसल्यासारखाच.
तरी रात्री थांबलो दोघं, ध्रुव दिसेपर्यंत.
जास्तीच्या मुक्कामाचं कलम करारात नव्हतं.

एकवीस दिवस गोणपाटं ओली ठेवली.
मग पेट्यांतून अँटेना आली,
तिच्यासोबत चार पोरं, दोन लॅपटॉप,
आणि पहिल्याच रात्री तक्रार :
साडेदहाला इथे गोंगाट आहे.

गोंगाट? माळावर टिटवीसुद्धा नव्हती.
पडद्यावर मात्र गवत उगवावं तशा रेघा.
उपग्रह दक्षिणेला उगवतो, उत्तरेला बुडतो,
मध्ये मिळतात दहा मिनिटं,
आणि ती दहा मिनिटं कुणीतरी दळत होतं.

शब्द उगाच नाही सुचला.
पाऊण किलोमीटरवर हौसाबाई बोडकेंची गिरणी.
थ्री फेज रात्री येते, म्हणून दळण रात्री.
स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळून काळे, आत सारखी ठिणगी.
पुण्याहून मेल आला : स्रोत हटवा.
हौसाबाईंनी डब्यांची रांग दाखवली,
"ह्यातला कुठला हटवू?"

सकाळी सिन्नरला जाऊन नवा स्टार्टर आणला,
अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा भरला.
साडेअठराशे रुपये, कुठल्याच खात्यात न बसणारे.
अहवालात लिहिलं, "स्थानिक अडथळा, निराकरण झाले."
हौसाबाईंनी दोन किलो बाजरीचं पीठ बांधून दिलं.
तेही कुठे लिहिलं नाही.

त्या रात्री गिरणी चालूच होती.
अँटेना हळू वळली, खाली वाकली,
पट्ट्याच्या काळ्या धारेवर येऊन थांबली,
दोन अंश चाळीसवर.
मी लिहिलेल्या आकड्यावर.
वाट पाहिली सगळ्यांनी, सोमानंसुद्धा, बिडी विझवून.
मग तिथूनच काहीतरी उगवलं,
दिसलं नाही कुणाला,
नुसती अँटेना मान उचलत गेली वर, वर,
आणि पाठीमागे कुणाची तरी ज्वारी पडत होती भरडून.

काय उतरलं त्या दहा मिनिटांत,
कुणाच्या समुद्राचं, कुणाच्या शेताचं चित्र,
ते थेट थंड देशात गेलं.
खाली येताना ज्या हातांतून काम आलं
त्यांतला एकही वाटेत लागला नाही.

महिन्यानं धात्रकांचा फोन.
मला वाटलं, पैसे.
"बंगळुरू विचारतंय,
एकशे बारावा रकाना कोरा का?"